आयबेरियन ब्राँझ नाणी, प्राचीन

आयबेरियन ब्राँझ नाणी, प्राचीन : आयबेरियन द्वीपकल्पातील (हल्लीचे स्पेन व पोर्तुगाल) ग्रीक, फिनिशियन, आयबेरियन व केल्टिबेरियन नगरांनी पाडलेली ब्राँझची नाणी. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. ३०० पासून इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंतचा आहे. शंभराहून अधिक टाकसाळींतून ती निघाली व त्यांवर आयबेरियन, केल्टिबेरियन, प्यूनिक आणि लॅटिन या भाषांतील लेख आढळतात. सोन्याचांदीच्या तुलनेने ही नाणी हलक्या मोलाची. तथापि या द्वीपकल्पातील जमातींची व नगरांची नावे, त्यांची लिपी, त्यांचे दैनंदिन व्यवहार आणि त्यांचे क्रमाक्रमाने झालेले रोमनीकरण यांविषयी त्यांच्याइतका विपुल पुरावा अन्य कोणत्याही साधनातून मिळत नाही. त्यांचा संग्रह करण्याची परंपरा युरोपात सोळाव्या शतकापासून चालत आली आहे. या नाण्यांचा अभ्यास मुख्यतः संग्राहकांच्या परिश्रमांतून उभा राहिला; मात्र नोंदीवाचून केलेल्या संग्रहामुळे त्याच अभ्यासाची हानीही झाली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : द्वीपकल्पात नाण्यांचा प्रघात ग्रीकांनी पाडला. ईशान्य किनाऱ्यावरील एम्पोरियॉन (हल्लीचे आंपूर्यास) या ग्रीक वसाहतीत इ. स. पू. पाचव्या शतकात चांदीची लहान नाणी निघू लागली. ब्राँझ नाण्यांचा आरंभ मात्र प्रामुख्याने दक्षिणेकडील फिनिशियन नगरांत झाला. गादिर (लॅटिन गादेस, हल्लीचे कादिझ) येथे इ. स. पू. ३०० च्या सुमारास ती पाडली जात होती. इ. स. पू. २३७ मध्ये हामिल्कार बार्का द्वीपकल्पात उतरल्यानंतर कार्थेजच्या सेनेसाठी येथे मोठ्या प्रमाणावर नाणी पाडण्यात आली. दुसऱ्या प्यूनिक युद्धात (इ. स. पू. २१८–२०१) रोमन सैन्याने प्रवेश केला; इ. स. पू. २०६ मध्ये कार्थेजची येथील सत्ता संपुष्टात आली आणि इ. स. पू. १९७ मध्ये रोमने या भूमीचे हिस्पानिया सितेरिऑर (अलीकडील) व हिस्पानिया उल्तेरिऑर (पलीकडील) असे दोन प्रांत केले.

यानंतरच्या दीड शतकात स्थानिक ब्राँझ नाण्यांची भरभराट झाली. रोमहून येणारे ब्राँझ नाणे अपुरे होते. बाजारातील किरकोळ देवघेव, सैनिकांचा दैनंदिन खर्च व नगराची सार्वजनिक कामे यांसाठी सुटे नाणे हवे होते. रोमनांनी या टाकसाळींना प्रत्यक्ष आज्ञा दिली, की नगरांनी स्वतःच्या गरजेपोटी व प्रतिष्ठेसाठी नाणी पाडली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत; बहुधा दोन्ही कारणे कमीअधिक प्रमाणात असावीत. ऑगस्टसच्या कारकीर्दीपर्यंत स्थानिक लिपी नाण्यांवरून लोपली व तिची जागा लॅटिनने घेतली. ऑगस्टस, टायबीअरिअस व कालिग्युला या सम्राटांच्या काळी अनेक नगरे सम्राटाच्या मुखवट्याची नाणी पाडीत. कालिग्युलाच्या मृत्यूनंतर (इ. स. ४१) हा प्रघात जवळजवळ थांबला. क्लॉडिअसच्या काळातील एबुसुस (ईबीसा) येथील नाणी ही या परंपरेतील अखेरची होत.

नाणेप्रकार : सितेरिऑर प्रांतातील नाण्यांत एक विलक्षण एकरूपता दिसते. त्यांच्या पुढील बाजूवर पुरुषाचे मस्तक आणि मागील बाजूवर दौडत्या घोड्यावरील स्वार असून त्याच्या हाती भाला वा झावळी असते. स्वाराखालील रेषेलगत नगराचे वा जमातीचे नाव कोरलेले असते. केसे (तार्राको, हल्लीचे तारागोना), बोलस्कान (ओस्का, हल्लीचे वेस्का), सेकाइसा (सेगेदा), बिल्बिलिस, केल्से इ. टाकसाळींची नाणी या प्रकारची आहेत. निम्म्या मूल्याच्या नाण्यांवर पुष्कळदा स्वाराविना घोडा व पाव मूल्याच्या नाण्यांवर पंखयुक्त घोड्याचा पूर्वार्ध दाखविलेला असतो. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही नाण्याचे मूल्य कळत असे. सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरोन याच्या ब्राँझ नाण्यांवरील भालाईत स्वार हा या चित्राचा मूळ नमुना असावा, असे एक मत आहे. समुद्रापासून दूर असलेल्या केल्टिबेरियन नगरांच्या नाण्यांवर मस्तकाजवळ डॉल्फिन मासा आढळतो. किनाऱ्यावरील टाकसाळींच्या अनुकरणाने तो तेथे आला असावा.

या एकरूपतेतही काही नगरांनी आपले वेगळेपण राखले. इल्तिर्ता (हल्लीचे लेरिदा) येथील काही नाण्यांवर लांडगा आहे आणि नगराचे नाव लॅटिनमध्ये इलेर्दा असे झाल्यानंतरही तो टिकून राहिला. आर्से या नगराच्या (रोमनांचे सागुंतुम) नाण्यांवर शिंपला, डॉल्फिन व पुढे जहाजाची नाळ दिसते. एम्पोरियॉनच्या परिसरातील ब्राँझ नाण्यांवर शिरस्त्राणधारी देवी व पेगॅसस ही ग्रीक वळणाची चित्रे असली, तरी लेख आयबेरियन लिपीत असून त्यात ‘उंतिकेस्केन’ म्हणजे इंदिकेते जमातीचे नाव आहे.

दक्षिणेकडील उल्तेरिऑर प्रांतात एकरूपतेऐवजी विविधता आढळते. गादिरच्या नाण्यांवर सिंहचर्म पांघरलेला मेल्कार्त (ग्रीकांचा हेराक्लीझ) आणि ट्यूना मासे आहेत. मासे खारवून त्यांचा व्यापार करणे हा या नगराच्या समृद्धीचा एक आधार होता. आब्देरा येथील टायबीअरिअसकालीन नाण्यावरील मंदिराचे दोन स्तंभ तर ट्यूना माशांच्याच आकाराचे दाखविले आहेत. ओबुल्कोच्या (हल्लीचे पोर्कुना) नाण्यांवर नांगर व धान्याचे कणीस, कार्मोच्या (कार्मोना) नाण्यांवर दोन कणसांमध्ये नगराचे नाव आणि इलिपाच्या नाण्यांवर मासा व कणीस ही चिन्हे ग्वादलकिव्हर खोऱ्यातील शेती व मासेमारी यांची द्योतक आहेत. खाणप्रदेशानजीकच्या कास्तुलो नगराने स्फिंक्सचे चिन्ह स्वीकारले होते. एबुसुसच्या नाण्यांवर हाती हातोडा व सर्प घेतलेला बेस हा देव असतो.

निर्मिती व वजने : ब्राँझ वितळवून साच्यात चकत्या ओतीत व नंतर त्या दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकीत. धातूत तांब्याबरोबर कथिल व शिसे असे. त्यांचे प्रमाण टाकसाळीगणिक बदलते. टाकसाळी नाण्यांची वैयक्तिक वजने काटेकोरपणे पाळीत नसत. विशिष्ट वजनाच्या धातूतून ठराविक संख्येने नाणी निघाली म्हणजे पुरे होई. त्यामुळे एकाच ठशाच्या दोन नाण्यांच्या वजनांतही बराच फरक पडतो. उत्तरेकडील पूर्ण मूल्याचे नाणे बहुधा ८ ते १५ ग्रॅम भरते. ओबुल्कोची आरंभीची काही नाणी २० ग्रॅमपेक्षाही जड आहेत. जुन्या सूचिग्रंथांत पूर्ण मूल्याच्या नाण्यास ‘अ‍ॅस’ हे रोमन नाव दिलेले असते. परंतु स्थानिक वजनपद्धतीचा रोमन पद्धतीशी असलेला संबंध सर्वत्र सारखा नसल्याने अलीकडचे अभ्यासक ‘एकक’, ‘अर्धे’ व ‘पाव’ असे शब्द पसंत करतात. सुट्या नाण्यांची टंचाई असल्यास नाणी छिनीने मधोमध तोडून त्यांचे अर्धे भागही चलनात वापरीत. अशी अर्धी नाणी व गरुडमस्तकासारखे नंतर मारलेले छाप हे नाण्यातील दोष नव्हेत. नाण्याच्या वापराचा तो पुरावाच होय.

लेख व लिपी : आयबेरियन लिपीत सुमारे २८ चिन्हे आहेत. स्वर आणि ल, न, र, स यांसारख्या वर्णांना स्वतंत्र चिन्हे असून क, त, ब या वर्गांतील व्यंजनांसाठी मात्र स्वरासह संपूर्ण अक्षराचे एकेक चिन्ह असते. बाराखडीतील ‘बा, बे, बि’ या अक्षरांसाठी परस्परांशी साम्य नसलेली तीन निरनिराळी चिन्हे योजावीत, तशी ही व्यवस्था आहे. ‘बिल्बिलिस’ हे नाव या लिपीत बि–ल–बि–ल–इ–स अशा सहा चिन्हांनी लिहिले जाते. ईशान्येकडील लेख डावीकडून उजवीकडे वाचतात, तर आग्नेयेकडील लिपी बहुधा उजवीकडून डावीकडे जाते. क व ग, त व द यांतील भेद बहुतेक लेखांत दाखविलेला नसल्याने एकाच टाकसाळीचे नाव निरनिराळ्या सूचिग्रंथांत ‘उंतिकेस्केन’ व ‘उंदिकेस्केन’ असे दोन्ही प्रकारे छापलेले आढळते.

या लिपीचे वाचन होण्यास ब्राँझ नाणी विशेष कारणीभूत झाली. दगडावरील व शिशाच्या पत्र्यावरील लेखांचा अर्थ लागत नव्हता. परंतु नाण्यांवर नगराचे नाव असणार हे उघड होते आणि त्यांतील अनेक नगरांची नावे लॅटिन व ग्रीक लेखकांमुळे ज्ञात होती. शिवाय केल्से, सैती (साएताबी, हल्लीचे हातिवा), आर्से यांसारख्या टाकसाळींनी संक्रमणकाळात स्थानिक व लॅटिन अशा दोन्ही लिपींत लेख असलेली नाणी पाडली होती. एकोणिसाव्या शतकातील विद्वान प्रत्येक चिन्ह म्हणजे एक वर्ण असे समजून चालल्याने अडले. स्पॅनिश पुराविद मानुएल गोमेथ-मोरेनो (१८७०–१९७०) यांनी काही चिन्हे अक्षरदर्शक आहेत हे ओळखून १९२० नंतरच्या दशकात या लिपीची उकल केली. आल्कॉय येथे १९२१ मध्ये सापडलेल्या, आयबेरियन भाषेतील परंतु ग्रीक लिपीत कोरलेल्या शिशाच्या पत्र्याचाही त्यांना आधार मिळाला. त्यामुळे लेखांचा उच्चार करता येऊ लागला. केल्टिबेरियन ही केल्टिक गटातील भाषा असल्याचे निश्चित झाले. आयबेरियन भाषेचा अर्थ मात्र अद्यापि उलगडलेला नाही.

संग्रहाचा इतिहास : तारागोनाचा आर्चबिशप आंतोन्यो आगुस्तीन (१५१७–८६) याचा नाणी व कोरीव लेख यांवरील संवादरूप ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५८७ मध्ये प्रसिद्ध झाला व या अभ्यासाचा पाया घातला गेला. वेस्का येथील संग्राहक लास्तानोसा याने १६४५ मध्ये आपल्या ग्रंथात या नाण्यांना ‘अज्ञात स्पॅनिश पदके’ असे संबोधिले. त्यांवरील अक्षरे त्यास वाचता येत नव्हती. तथापि ती त्याने काळजीपूर्वक जमविली व चित्रांसह प्रसिद्ध केली. अठराव्या शतकात एन्रीके फ्लोरेथ याने नगरवार मांडणी केलेले तीन खंड (१७५७–७३) लिहिले. एकोणिसाव्या शतकात आंतोन्यो देल्गादो व मानिला येथे जन्मलेला हाकोबो थोबेल यांनी वर्गीकरण अधिक शास्त्रशुद्ध केले. आंतोन्यो व्हिव्हेस याचा ग्रंथ १९२४–२६ मध्ये व लेआंद्रे व्हिलारोंगा याचा ऑगस्टसपूर्व नाण्यांचा सूचिग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. नाणे ओळखण्यासाठी संग्राहक आज व्हिलारोंगाच्या सूचीतील क्रमांकांचा आधार घेतात. महत्त्वाचे सार्वजनिक संग्रह माद्रिदचे राष्ट्रीय पुरातत्त्वीय वस्तुसंग्रहालय आणि बार्सेलोना येथील कॅटालोनियाचा नाणकसंग्रह येथे आहेत.

मोठा खाजगी संग्रह एकत्र राहीलच असे नाही. अमेरिकन संग्राहक आर्चर हंटिंग्टन याने जमविलेला, प्राचीन काळापासूनच्या सुमारे ३८,००० स्पॅनिश नाण्यांचा संग्रह विसाव्या शतकाच्या मध्यापासून न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीकडे अभ्यासासाठी ठेवलेला होता. त्याची मालकी असलेल्या संस्थेने २०१२ मध्ये तो विकला. त्यातील बरीच नाणी देणगीदारांच्या साहाय्याने पुढे सोसायटीकडे परत आली. परंतु संग्रहाची मूळ अखंडता राहिली नाही.

प्राप्तिस्थानाचे महत्त्व : चांदीचे नाणे सैन्याबरोबर व व्यापाऱ्यांबरोबर दूरवर जाते, ब्राँझचे नाणे मात्र सामान्यतः आपल्या नगराच्या बाजारपेठेभोवतीच फिरते. म्हणून ज्या टाकसाळीचे स्थान प्राचीन लेखकांच्या उल्लेखांवरून ठरत नाही, तिचा शोध तिची ब्राँझ नाणी, विशेषतः लहान मूल्याची नाणी, कोठे दाट सापडतात यावरून घेतला जातो. अशा कित्येक टाकसाळींची स्थाने आजही वादग्रस्त आहेत. या नियमास असलेले अपवाद तितकेच बोधप्रद आहेत. कास्तुलोची नाणी सिएरा मोरेनातील खाणींच्या परिसरात आढळतात, यावरून खाणीतील मजूर व पुरवठा यांचे मार्ग समजतात. इटलीतील पाँपेई येथे एबुसुसची नाणी व त्यांच्या स्थानिक नकला मोठ्या संख्येने सापडल्याने त्या नगरातील सुट्या चलनाची टंचाई आणि पश्चिम भूमध्य समुद्रातील दळणवळण यांवर नवा प्रकाश पडला. नूमांशियाच्या वेढ्याशी (इ. स. पू. १३४–१३३) संबंधित रोमन छावण्यांतील नाणी तर कालनिर्णयास उपयोगी पडतात, कारण छावणीचा काळ इतिहासावरून ज्ञात असतो.

हे सर्व अनुमान नाणे कोणत्या जागी, कोणत्या थरात व कोणत्या वस्तूंच्या सान्निध्यात सापडले, या नोंदीवर अवलंबून आहे. नाणे जमिनीतून उपसून बाजारात आले म्हणजे त्यावरील चित्र व लेख शिल्लक राहतात. ही माहिती मात्र कायमची नष्ट होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातुशोधक यंत्रांचा प्रसार झाल्यानंतर स्पेनमधील अनेक प्राचीन स्थळे अशा रीतीने पोखरली गेली. सोन्याचे नाणे विरळ असते व त्याचा बोभाटा होतो. ब्राँझची नाणी शेकड्यांनी निघतात, स्वस्त विकली जातात आणि त्यांच्या उगमाविषयी कोणी विचारीत नाही. त्यामुळे या क्षेत्रातील हानी गाजावाजा न होता पण अधिक व्यापक झाली.

ओळख व बनावट नाणी : नाणे ओळखताना प्रथम मागील बाजूवरील चित्र, नंतर लेखातील चिन्हे, त्यानंतर मस्तकामागील उपचिन्हे व शेवटी वजन व व्यास असा क्रम ठेवणे सोयीचे असते. झिजलेल्या नाण्यावर लेखाची दोनतीन चिन्हे उरली असली, तरी सूचीतील चित्रांशी ताडून टाकसाळ निश्चित करता येते. प्राचीन काळी झालेल्या नकला, उदा., रोमन अर्ध्या अ‍ॅसच्या द्वीपकल्पातच पाडलेल्या प्रतिकृती, या अभ्यसनीय वस्तू असून आधुनिक बनावट नाण्यांत त्यांची गणना करू नये. साच्यात ओतलेल्या आधुनिक बनावटीच्या कडेवर जोडरेषा दिसते, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात व चित्राच्या कडा बोथट असतात. सर्व बारकाव्यांसह तंतोतंत जुळणारी, वजन व कडेचा आकारही एकच असलेली दोन नाणी समोर आल्यास संशय घ्यावा. ठसा एकच असला तरी प्रत्येक चकती व प्रत्येक आघात निराळा असतो. झिजलेल्या अस्सल नाण्यावरील केस वा अक्षरे नव्याने कोरून उठाव आणणे आणि रसायनांनी कृत्रिम हिरवा रंग चढविणे हेही प्रकार आढळतात.

जतन : दीर्घकाळ जमिनीत राहिलेल्या ब्राँझवर पॅटिना या नावाने ओळखला जाणारा हिरवा वा तपकिरी थर तयार होतो. तो घट्ट व स्थिर असल्यास धातूचे रक्षण करतो. म्हणून तो घासून वा आम्लाने काढू नये. पॅटिना काढून चकाकी आणलेले नाणे अभ्यासास निरुपयोगी ठरतेच, शिवाय त्याचे बाजारमूल्यही घटते. याउलट फिकट हिरवी भुकटी पडू लागल्यास तो ‘ब्राँझरोग’ समजावा. क्लोराइडयुक्त संयुगे व हवेतील आर्द्रता यांच्या विक्रियेने धातू आतून खाल्ला जातो. असे नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे व कोरडे ठेवावे आणि त्यावरील उपचार जाणकाराकडून करून घ्यावेत. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांतून निघणारी द्रव्ये ब्राँझला अपायकारक असल्याने आम्लविरहित कागदाची वा पॉलिएस्टरची पाकिटे वापरतात. दमट किनारी हवेत बंद डब्यात सिलिका जेल ठेवणे इष्ट असते.

कायदा व संग्राहकाचे कर्तव्य : स्पेनच्या १९८५ च्या ऐतिहासिक वारसाविषयक कायद्यानुसार उत्खननात वा योगायोगाने नव्याने सापडणाऱ्या पुरावशेषांवर सार्वजनिक मालकी असते. योगायोगाने वस्तू सापडून तिची रीतसर वर्दी दिल्यास तिच्या अधिकृत मूल्याच्या निम्मी रक्कम शोधक व जमीनमालक यांना समान वाटून मिळते; परवान्याविना केलेल्या शोधास असे बक्षीस नसते. शंभर वर्षांहून जुन्या वारसावस्तू देशाबाहेर नेण्यास शासनाची अनुज्ञा लागते. जुन्या संग्रहांतून आलेली व ज्यांचा पूर्वेतिहास कागदोपत्री सिद्ध होतो अशी नाणी बाळगणे व त्यांची खरेदी-विक्री करणे यास मात्र प्रत्यवाय नाही.

यामुळे संग्राहकाची मुख्य जबाबदारी नोंदीची ठरते. प्रत्येक नाण्यासोबत त्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंच्या चित्रांचा परस्परसापेक्ष कोन, सूचिग्रंथातील क्रमांक, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि पूर्वीच्या मालकांची व लिलावांची माहिती ठेवावी. संग्रह पुढे हस्तांतरित होताना ही टिपणेही नाण्यांबरोबरच जावीत. अशा नोंदींवरून एकाच ठशाची नाणी एकत्र करून टाकसाळीने किती ठसे वापरले याचा अंदाज बांधता येतो व एकूण उत्पादनाची कल्पना येते. कोणतेही पूर्ववृत्त नसलेले, नुकतीच माती चिकटलेले नाणे स्वस्तात मिळत असले, तरी ते घेणे म्हणजे पुढील उत्खातनास उत्तेजन देणे होय. लास्तानोसासारख्या संग्राहकांनी न वाचता येणारी अक्षरे जपून ठेवल्यामुळे सुमारे पावणेतीनशे वर्षांनंतर त्यांचे वाचन शक्य झाले. आयबेरियन भाषेचा अर्थ व अनेक टाकसाळींची स्थाने अद्याप अनिश्चित असल्याने आजच्या संग्रहांतील नोंदींचाही तसाच उपयोग पुढील संशोधकांस होण्यासारखा आहे.